तेराव्यानंतरचा पलंग

माझा धंदा सांगितला की लोक आधी भंगार म्हणतात. मग मला दुरुस्ती करावी लागते. लोखंड, पुठ्ठा, बाटल्या मी घेत नाही. मी जुनं लाकूड घेते. मोडकी कपाटं, शाळेची बाकडी, वाळवीनं पोखरलेल्या चौकटी, कचेऱ्यांनी निकालात काढलेली टेबलं. नांदेडच्या बाहेर रस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. तिथं चार बाया पकड आणि पटाशी घेऊन बसतात आणि लाकडातला मोळा न मोळा, म्हणजे खिळा न खिळा, उपटून काढतात. मग माल लातूरला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जातो. तिथं त्याचा चुरा करतात, तो वाळवतात, त्यात डिंकासारखं रसायन कालवतात आणि तापलेल्या पोलादी पाटांमध्ये दाबून त्याचे बोर्ड काढतात. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा सनमायका कोपऱ्यात जरा खरवडून बघा. आत बहुतेक असलंच काहीतरी निघेल.

त्याच कारखान्यात मी आधी सहा वर्षं नोकरी केली. बोर्ड तपासायचं काम होतं. वाकतो किती, फुगतो किती, स्क्रू धरतो की नाही. तेव्हा तिथं उसाचा चोथा आणि सुबाभूळ वापरायचे. दोन वर्षं पाऊस रुसला, ऊस आटला, चोथा मिळेना. मी साहेबांना म्हटलं, जुनं लाकूड घ्या. ते म्हणाले, आणणार कोण? मी म्हटलं, मी. साहेब हसले. माझ्यावर कुणी हसलं की मला फार फायदा होतो, वर्षभर पुरेल एवढा राग एका दमात मिळतो. महिन्याभरात मी राजीनामा दिला आणि नांदेडला येऊन शेड ठोकलं.

कारखान्याच्या दोन अटी आहेत. लाकडात एकही मोळा राहता कामा नये. राहिला तर चुरा करणाऱ्या यंत्राचं पातं तुटतं आणि अख्खी गाडी परत पाठवतात. दुसरी अट, ठरलेल्या दिवशी भरलेली गाडी दारात हवी. दोनदा चुकलं की आपली पाळी दुसऱ्या व्यापाऱ्याला जाते. पहिली अट मी कधी मोडली नाही. दुसरीबद्दल पुढं सांगायचंच आहे.

सुरुवातीच्या वर्षी मी एक चूक केली. बिलोलीकडच्या एका घरातून फोन आला, पलंग न्यायचा आहे म्हणून. गेले. चांगला भक्कम पलंग होता, वर गादीसुद्धा नव्हती, अंगणात धुऊन उभा केलेला. किती द्यायचे विचारलं तर घरातले म्हणाले, अहो पैसे कसले, घेऊन जा, तुमच्या कामी येईल. मला वाटलं, काय देवमाणसं आहेत! धन्यवाद म्हणून पलंग गाडीत टाकला. निघताना शेजारच्या बाईनं सांगितलं की आजोबा त्यावरच गेले, काल तेरावा झाला.

त्यानंतर माझा फोन वाजायला लागला. मुखेड, देगलूर, नायगाव, पार किनवटच्या अलीकडून. "ते पलंग नेतात त्या बाई का?" आवाज दबका असायचा. मग हळूच पुढचा प्रश्न, "तुमचं आडनाव काय?" मी आडनाव सांगायची. आमचं आडनाव ऐकलं की आम्ही कोण ते या भागात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू यायचा. "हां, मग बरं. या, घेऊन जा."

ते "मग बरं" मला पहिल्या दोन-तीन वेळा कळलंच नाही. इतकी वर्षं बोर्डाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली, पण हे मापच हाती नव्हतं. आईला कळलं. ती शेडवर माझ्यासोबत असते, हिशेबाची वही तिच्याकडं. काही दिवसांनी त्या बिलोलीच्या पलंगाची पाळी येऊन त्याचे मोळे निघत होते तेव्हा तिनं विचारलं, "कितीला घेतलास?"

"फुकट दिला," मी मिरवत सांगितलं.

आईनं वही मिटली. "कोण मेलं व्हतं त्याच्यावर?"

मग तिनं सांगितलं. मुखेड तालुक्यातल्या तिच्या गावात मोठ्या घरी माणूस गेलं की त्याची बाज, त्याचं अंथरूण आणि अंगावरचे कपडे वस्तीवर यायचे. विकायचं नाही, जाळायचं नाही, घरात ठेवायचं नाही, आम्हाला द्यायचं. तशीच एक बाज माझ्या आजोबांच्या घरात आली होती. अख्ख्या घरात तेवढी एकच बाज.

"लई चांगली व्हती गं ती," आई म्हणाली. "तिच्यावर झोप यायची तशी परत कुठं आली न्हाई."

मला इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडले. लाज वाटत नाही का म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "सा वर्साची व्हते. कुणाला लाजू?"

पुढं वस्तीनं धम्म घेतला आणि ठराव केला की मेलेल्याचं काही घ्यायचं नाही. काही वर्षांत मोठ्या घरातलं आणखी एक माणूस गेलं. बाज नेहमीसारखी आली. आजोबांनी ती डोक्यावर घेतली, परत नेली आणि त्यांच्या वाटेवर ठेवून दिली. त्या हंगामात वस्तीतल्या कुणालाच त्या घरी काम मिळालं नाही. बाज तिथंच पावसात भिजत, कुजत पडली. आई शाळेत जाताना रोज बघायची. "त्येनींबी हात लावला न्हाई, आमीबी न्हाई," ती म्हणाली.

त्या दिवशी मी नियम केला. फुकट काहीही घ्यायचं नाही. मेलेल्याचा पलंग असो नाहीतर जित्याची खुर्ची, वजनकाट्यावर चढणार आणि मी त्याचे पैसे मोजणार. ऐकायला सोपा नियम आहे. पण लोकांना तो सहन होत नाही. फुकट द्यायला उतावीळ झालेले लोक पैसे म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखे मागं सरकतात. मढ्याच्या पलंगाचे पैसे घरात घ्यायचे? अहो, आम्ही काय खायला महाग आहोत का? मी म्हणायची, मीही नाही. निम्मे फोन बंद झाले. झाले तर झाले.

मध्यंतरी लातूरला एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं. पर्यावरण वगैरे विषय होता. तिथं एक गृहस्थ गहिवरून म्हणाले की या बोर्डाला जात नसते, सगळ्यांचं लाकूड एकत्र दाबलं जातं, केवढा मोठा संदेश आहे. टाळ्या पडल्या. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, बोर्डाला नसेल, पण बोर्डापर्यंत लाकूड आणणारीला आडनाव विचारतात. त्यावर टाळ्या पडल्या नाहीत. जेवण मात्र छान होतं, मी दोनदा गुलाबजाम घेतले.

आता त्या दिवसाचं सांगते. आईच्याच गावातून फोन आला. मोठ्या घरातला मुलगा. मुलगा म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेला, गावच्या शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष. शाळेत नवी बाकं आली होती, जुनी लाकडी बाकडी न्यायची होती. गाडी भरून माल होता. मला तो हवाच होता, कारण दुसऱ्या दिवशी लातूरची पाळी होती आणि त्याआधीची पाळी माझी चुकली होती, टेम्पोचा गिअर मोडला म्हणून. ही चुकली असती तर संपलं असतं. चार बायांची मजुरी, माझं शेड, साहेबांच्या हसण्यावर उभं केलेलं सगळंच.

आई म्हणाली, "मीबी येते."

"तुला काय करायचंय तिथं?"

"वही कोण लिहिणार? तुझं अक्षर त्या कारखान्यावाल्याला वाचाया येत न्हाई." हे खरं होतं. जुनं लाकूड कुणाकडून आलं ते कारखान्याला कागदावर लागतं, विकणाऱ्याच्या नावासकट. आई सातवी शिकली, पण तिच्या अक्षरापुढं माझी पदविका लाजते.

सकाळी आम्ही निघालो. मी, आई आणि आमचे ड्रायव्हर चाचा. चाचांना माझ्याकडं येऊन पाच वर्षं झाली. शाळेत बाकडी भरून झाली, वजन झालं, संस्थेच्या कारकुनानं पैसे घेतले. दहा वाजत आले होते. चाचा म्हणाले, "चलो बाई, शेडपे औरतां बैठे हैं." दुपारपर्यंत माल शेडवर पोचला तरच संध्याकाळपर्यंत मोळे निघणार होते.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "ताई, घरी एक दिवाण आहे. तेवढा जाता जाता घ्या."

मी आईकडं पाहिलं. ती टेम्पोत पुढं बसली होती, समोर बघत.

घर आता सिमेंटचं, वर गच्ची, दारात मोटार. घरातल्या सुनेनं टेम्पोपाशी पाणी आणलं, आम्हा दोघींना आणि चाचांना एकाच तांब्यातून, सारख्याच पेल्यांत. तेवढं बदललंय, आणि ते बदललंय हे मी नाकारणार नाही. दिवाण अंगणात होता. आंब्याच्या लाकडाचा, खाली पेटी असलेला, मधोमध फळी खचलेली. अध्यक्षांचे वडील दोन वर्षं त्यावर पडून होते. कालच तेरावा झाला होता.

मी चाचांना काटा उतरवायला सांगितला.

"काटा कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "असाच न्या."

"असाच नेत नाही मी. तोलते, पैसे देते, मग उचलते."

ते हसले, अगदी मायेनं. "ताई, याचे पैसे घेत नसतात. आमच्यात चालत नाही. गरिबाच्या कामी यावं एवढीच इच्छा."

"मी गरीब नाही. मी व्यापारी आहे."

"तुमच्या समाजातल्या कुणाला तरी द्या मग."

हे त्यांनी वाईट मनानं म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना त्यात काही वावगं दिसतच नव्हतं, आणि माझं डोकं फिरलं ते त्यामुळंच. मुद्दाम घातलेली शिवी मला परवडते. ती परत देता येते.

मी म्हटलं, "पैसे घ्या आणि देवळाच्या पेटीत टाका. पण आधी तुमच्या हातात घ्या."

"देवळाच्या पेटीत? मढ्याचे?" त्यांचा चेहरा आता बदलला. शेजारचे चार लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. "हे बघा, सकाळपासून वस्तीवरच्या पोरांना निरोप देऊन थकलो. एक येईना. आज हा घराबाहेर गेला पाहिजे. पाहुणे यायचेत. तुम्ही नेत नसाल तर मग शाळेची बाकडीही राहू द्या. अध्यक्ष मी आहे. पैसे परत घ्या, बाकडी उतरवा."

वस्तीवरची पोरं येईनात हे ऐकून मला मनातल्या मनात उड्या माराव्याशा वाटल्या. पण बाकडी गेली म्हणजे लातूरची पाळी गेली. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं, घालावा गाडीत. कुणाला कळणार आहे? उद्या संध्याकाळी त्याचा चुरा झालेला असेल आणि शाळेच्या बाकड्यांत, चौकटींत, कुणाच्या तरी माडीच्या जिन्यात तो असा मिसळलेला असेल की ब्रह्मदेवालाही निवडता येणार नाही. चाचा माझ्याकडं बघत होते. त्यांनी हळूच म्हटलं, "डाल दूँ क्या बाई?"

मी टेम्पोचा मागचा फाळका उघडला आणि पहिलं बाकडं ओढलं.

जड असतात ती. एकटीनं उतरवायची नसतात. माझ्या हातातून सुटलं आणि फरशीवर असं आदळलं की दारातली मोटार ओरडायला लागली. दुसरं ओढलं. चाचा वर चढले आणि पलीकडची बाजू धरली. तिसरं. चौथं आम्ही अध्यक्षांच्या दारासमोर आडवंच टाकलं. मला घाम सुटला होता आणि रडायलाही येत होतं, रागानं. आई टेम्पोतून उतरली नाही. मला तिचाही राग येत होता. एवढं सगळं जिच्यासाठी, ती मख्खासारखी बसून.

"काय चाललंय रं?"

आतल्या दारात अध्यक्षांची आई उभी होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, एका हातानं चौकट धरलेली. माझ्या आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. अध्यक्षांनी तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. तिनं मलाच विचारलं, "कशाचा आवाज करून राहिलीस पोरी?"

मी सांगितलं. फुकट देतात, मी फुकट नेत नाही.

"मग घे की पैसे," ती लेकाला म्हणाली.

"आई, लोक काय म्हणतील?"

"कोन लोक?" तिनं कुंपणाकडं पाहिलं. "ह्ये? दोन वर्सं हागणं-मुतणं काढाया ह्यातलं कोन आलं व्हतं? तू आलता का? म्या काढलं. त्या दिवाणाच्या बाजूला खाली चटई टाकून दोन वर्सं म्या झोपले." ती चौकट सोडून अंगणात आली. "दिवाण माझा हाय. म्या इकते. घाल गं काट्यावर."

कुंपणावरचे लोक इकडंतिकडं बघायला लागले. आम्ही दिवाण काट्यावर घेतला. चाचांनी वजन मोठ्यानं सांगितलं, जरा जास्तच मोठ्यानं. मी पैसे मोजले. मला वाटलं ती पदर पुढं करेल, किंवा ओट्यावर ठेव म्हणेल. तशी रीत मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. तिनं तळवा पुढं केला. मी नोटा तिच्या हातात ठेवल्या आणि तिनं त्या माझ्यादेखत पुन्हा मोजल्या. मला ती त्या क्षणी फार आवडली.

तेव्हा टेम्पोचं दार उघडलं. आई खाली उतरली. तिनं पदर नीट केला, वही काखेत घेतली आणि अंगणात येऊन त्या बाईसमोर उभी राहिली. या घराच्या अंगणात ती पहिल्यांदाच आली होती, हे तिथं आम्ही तिघीच जाणत होतो. ती बाई आईकडं बघत राहिली. ओळख पटली असावी. आईच्या लहानपणी ती या घरात नवी नवरी होऊन आली होती.

आईनं वही दिवाणावर ठेवून उघडली. "नाव?"

"लिही की. आमच्या मालकाचं लिही, तुला ठाव हाय."

"इकणाराचं लागतं," आई म्हणाली. "तुमी इकलाय."

बाईनं वहीकडं पाहिलं. आईला खरंच तिचं नाव माहीत नव्हतं. वस्तीवर तिला सगळे मालकीणबाई म्हणत. नाव विचारण्याची कुणाची छाती नव्हती आणि गरजही नव्हती. शेवटी तिनं सांगितलं, एवढ्या हळू की मला ऐकू आलं नाही.

"पूर्ण सांगा," आई म्हणाली.

तिनं पूर्ण सांगितलं. आईनं एकेक अक्षर काढलं, तिच्या त्या ठसठशीत अक्षरात, रेघेवर रेघ. घाई केली नाही. चाचांनी घड्याळाकडं पाहिलं आणि मग आईकडं पाहून नजर वळवली. लिहून झाल्यावर आईनं वही फिरवली आणि पेन पुढं केला. "हितं सही."

बाईनं पेन घेतला नाही. "मला लिव्हता येत न्हाई," ती म्हणाली.

अध्यक्ष पुढं आले, मी करतो म्हणाले. आईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून शाईची डबी काढली, झाकण उघडून वहीशेजारी दिवाणावर ठेवली. मग तिनं त्या बाईचा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठा धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर आणून दाबला.

"हलू नका," आई म्हणाली.